आत्याची आण

आमच्या घरात आत्याचा जीव दिवसातून दहा वेळा पणाला लागायचा, आणि तोही बहुतेक दोशावरून. "आणखी एक घे, माझी आण आहे तुला," असं ती म्हणाली की विषय संपला. पोट फुटायची वेळ आली तरी तो दोसा खायचा. उन्हात जाऊ नकोस, माझी आण. ओल्या केसांनी झोपू नकोस, माझी आण. आण म्हणजे शपथच, पण आपण घेतलेली नव्हे, दुसऱ्याला घातलेली. ती मोडली तर मोडणाऱ्याचं काही बिघडत नाही. जिनं घातली तिचं वाईट होतं, प्रसंगी ती जिवानिशी जाते. म्हणजे आत्या आपला जीव आमच्या ताटाच्या कडेला ठेवून जायची आणि वर म्हणायची, आता काय करायचं ते तुझं तू ठरव.

यातून बाहेर पडायची एकच वाट होती. जिनं आण घातली तिनं स्वतःच्या तोंडानं "सुटली" म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हणून चालत नसे. लहानपणी मी कितीतरी वेळा तिच्या पदराला लोंबकळून "सुटली म्हण ना" करत घरभर फिरले आहे. ती म्हणायची, पण आधी दोसा खायला लावून.

आम्ही तंजावूरचे मराठी, त्यामुळे बाहेर गल्लीत आमच्या शपथा तमिळ असायच्या. खेळात कुणी लबाडी केली असं वाटलं की "सत्तियमा?", म्हणजे शपथेवर ना, म्हणून विचारायचं आणि त्याला आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावायचं. त्या शपथा अगदी स्वस्त. दिवसभर घ्यायच्या आणि दिवसभर मोडायच्या. मोठ्या माणसांचं भांडण हातघाईवर आलं की मात्र देवळात जायचं. देवासमोर कापूर पेटवून तो तळहातानं विझवत शब्द द्यायचा. आमच्या शेजारच्या दोन जावांनी विहिरीवरच्या भांडणावरून अशी शपथ घेतली होती. दोघींचेही तळवे भाजले, पण शब्द द्यायला दोघीही कचरल्या नाहीत म्हणून दोघीही खऱ्या ठरल्या, आणि भांडण होतं तिथंच राहिलं.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तर पोटच शपथेवर होतं. ते कोर्टात होते. वकील नव्हते, न्यायाधीश तर नव्हतेच. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याच्याकडून शपथ वदवून घ्यायची, हे त्यांचं काम. देवाला साक्षी ठेवून खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही, हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांकडून म्हणवून घेतलं होतं की झोपेत कूस बदलतानाही ते पुटपुटायचे. घरी आले की कोट खुंटीला लावत सांगायचे, आज एकानं काय सुंदर शपथ घेतली, आणि मग काय धादांत खोटं बोलला. त्यांचा अनुभव असा की ज्याची शपथ खणखणीत त्याची साक्ष पोकळ. जो अडखळतो, घाम पुसतो, तो बहुधा खरं सांगतो.

कोर्टात शपथेवर तिळभर विश्वास नसलेला हा माणूस घरी आत्याच्या आणेपुढे मात्र मान तुकवायचा. आत्या त्यांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आली, लगेच वर्षभरात त्यांची आई गेली, आणि अप्पांना तिनंच वाढवलं. तिला ते अक्का म्हणायचे. कोर्टाच्या निकालावर वर अपील करता येतं, अक्काच्या निकालावर येत नाही, असं ते आईला हळूच सांगायचे. आई हसायची आणि आत्या येते आहे का ते बघायची.

मी तापट आहे, हे आता सांगून टाकते, कारण पुढे ते लपणार नाही. आमच्या राजवाड्याजवळच्या गल्लीतल्या मराठी घरांत मुलींनी मोठ्यानं बोलू नये असा दंडक होता. माझा आवाज गल्लीच्या तोंडाशी भाजी विकणारीलाही ऐकू जायचा. आईनं त्यावर उपाय म्हणून मला शाळेत लवकर घातलं, आणि मी शाळेत जी रमले ती रमलेच. पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी शाळेची शेवटची परीक्षा पास झाले आणि मला त्रिचीला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. दोन वर्षं हॉस्टेलात राहायचं, आणि मग शाळेत शिकवायचं. आमच्या घरातली कुठलीच बाई तोवर असं एकटी राहायला गेली नव्हती. अप्पांनी होकार दिला. त्या दिवशी मी जमिनीवर पाय ठेवून चालत होते की नाही, मला आठवत नाही.

सोमवारी हजर व्हायचं होतं. आधीच्या बुधवारी सकाळी मी दोसा खात होते, आई चटणी वाढत होती, अप्पा कॉफीचा पेला हातात धरून उभे होते. आत्या चुलीपाशी होती. तिनं तवा उतरवला, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ट्रेनिंगला जायचं नाहीस तू. माझी आण आहे तुला."

चटणीचा चमचा आईच्या हातात तसाच राहिला. अप्पांनी पेला खाली ठेवला. मी विचारलं, "का?" ती म्हणाली, हॉस्टेलातलं जेवण वाईट असतं. तिथलं पाणी बाधतं. लोक नावं ठेवतात. पुढे स्थळं येत नाहीत. एकेक कारण ती डब्यातून काढल्यासारखं काढत होती. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, आणि उत्तरं संपली तेव्हा माझा पितळी पेला अंगणात भिरकावला. तुळशीच्या कट्ट्यावर आपटून त्याला पोचा आला. आत्या जाऊन तो उचलून घेऊन आली आणि घासायला बसली. "आण घातली ती घातली," एवढंच म्हणाली.

मी अप्पांकडे बघितलं. ते चपला शोधत होते, आणि चपला त्यांच्या पायांतच होत्या.

त्या दिवशी मी जेवले नाही. आईनं मला समजावायचा प्रयत्न केला. "वन्संचं मन वळेल. पण आण मोडून जाऊ नकोस बाई. त्यांना काही झालं तर तू जन्मभर स्वतःला दोष देशील." आईचं बोलणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला रडू आलं. मला आत्याचा राग होता, पण आत्या मला हवी होती. माझ्या केसांना तेल तिनं लावलं, गोवरात माझ्या उशाशी ती बसली. तिनं आपलं मरण माझ्या वाटेत आडवं टाकलं होतं आणि मला ते ओलांडता येत नव्हतं.

रडून झाल्यावर माझं डोकं चालायला लागतं, ही माझी जुनी रीत. गुरुवारी सकाळी आत्या नेहमीच्या सवयीनं म्हणाली, "आणखी एक घे, माझी आण." मी तो दोसा तसाच टाकून उठले. आईनं डोळे मिटून घेतले. मी हात धुऊन आले आणि आत्यासमोर उभी राहिले. "मोडली तुझी आण. झालं काही तुला?"

तिला काहीही झालं नव्हतं. ती चांगली धडधाकट होती. मग मला चेवच आला. उन्हात जाऊ नकोस म्हणाली, मी भर दुपारी अंगणात जाऊन उभी राहिले. डोकं पुसून घे म्हणाली, मी ओल्या केसांनी घरभर फिरले. दर वेळी येऊन विचारायचे, "आत्या, बरी आहेस ना?" शुक्रवारी संध्याकाळी ती गुडघा धरून बसली आणि म्हणाली, "कालपासून दुखतोय. लहान आण मोडलीस, लहान दुखणं आलं. मोठी मोडलीस तर बघ." तो गुडघा माझ्या जन्माच्या आधीपासून दुखत होता. पण आईनं माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळलं.

शनिवारी मी ट्रंकेत भरलेले कपडे काढून पुन्हा कपाटात ठेवले. एक साडी तेवढी राहू दिली.

रविवारी दुपारी अप्पा तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, पंख्यानं वारा घेत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "अप्पा, आत्यानं दिलेली कारणं खोटी आहेत. ती खरं कारण सांगत नाही. तुम्ही तिला शपथ द्या."

"अक्काला? मी?"

"रोज परक्या माणसांना देताच की. तुमचे साक्षीदार शपथ घेऊन खोटं बोलतात, कारण त्यांना शपथेची भीती नसते. आत्याला आहे. ती शपथेवर खोटं बोलणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

अप्पांनी पंखा खाली ठेवला. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात आतून आत्याचा आवाज आला. आमची खिडकी तिण्णैवरच उघडायची. "दे की. इतकी वर्षं कोर्टात जातोस. तू तिथं काय करतोस ते मला एकदा बघायचंच आहे." आणि ती बाहेर येऊन उभी राहिली, पदर नीट घेऊन, अगदी हौसेनं. तिला वाटलं असावं, नेहमीचीच कारणं पुन्हा सांगायची आहेत. शपथ म्हणजे दुसऱ्याला घालायची गोष्ट, अशीच तिला सवय होती. स्वतःवर ती घेतली की काय होतं याचा तिनं विचारच केला नव्हता.

अप्पा आत जाऊन कोट घालून आले. कोटाशिवाय त्यांना ते वाक्य म्हणताच येईना. रविवार, दुपारची वेळ, घामाच्या धारा, आणि अप्पा गळ्यापर्यंत बटणं लावून उभे. आई दारात येऊन थांबली. अप्पांनी तमिळमध्ये एकेक तुकडा सांगितला आणि आत्यानं तो म्हटला. देवाला साक्षी ठेवून. जे सांगेन ते खरं सांगेन. तिसऱ्या तुकड्यापाशी ती अडखळली. खऱ्याशिवाय, म्हणाली, आणि थांबली. अप्पांनी तो पुन्हा सांगितला. तिनं तोही म्हटला, पण मघाची हौस तिच्या तोंडावर आता नव्हती.

मी विचारलं, "जेवण वाईट, पाणी वाईट, स्थळं येणार नाहीत. तू मला आण घातलीस ती यासाठीच का?"

आत्या बोलेना. अप्पा हळूच म्हणाले, "अक्का, गप्प राहणं हे उत्तर धरत नाहीत." हे ते कोर्टातल्या आवाजात बोलले नाहीत. ती तिण्णैच्या खांबाला धरून खाली बसली.

"नाही," ती म्हणाली. "यासाठी नाही. मला हिचा हेवा वाटला."

मग तिनं सांगितलं, आणि सांगताना ती आमच्यापैकी कुणाकडेही बघत नव्हती. तिचं लहानपण ओरत्तनाडूला गेलं. माझे आजोबा तिथल्या छत्रात, यात्रेकरूंना उतरायला आणि जेवायला बांधलेल्या त्या जुन्या धर्मशाळेत, कोठीवर होते. छत्राच्या ओसरीवर मुलांची शाळा भरायची. आत्या खांबाआड बसून ऐकायची आणि वाळूत बोटानं गिरवायची. कुणी शिकवलं नाही, पण तिला तमिळ वाचता यायला लागलं. छत्राच्या भिंतीवर लावलेले कागद ती येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना वाचून दाखवायची. तिला त्याचा फार तोरा होता. मग तिचं लग्न ठरलं. मुलगा शाळेत टिकला नव्हता. सासरच्यांच्या कानावर गेलं की मुलगी वाचते, आणि ते कुरकुरले. तेव्हा तिची आई, म्हणजे माझी आजी, तिला म्हणाली, आजपासून अक्षर वाचायचं नाही. माझी आण आहे तुला.

"मग नवरा गेला," आत्या म्हणाली. "आई गेली. ज्याच्यासाठी वाचायचं नाही तो राहिला नाही, जिनं आण घातली ती राहिली नाही. सुटली म्हणायला कोणी उरलंच नाही. मी पाळत राहिले."

अप्पांचं तोंड उघडं पडलं. "अक्का, तुला वाचता येतं?"

"वाचता येतं म्हणून तर त्रास. अक्षर दिसलं की ते वाचलं जातंच. डोळ्यांना नाही म्हणता येत नाही. मग बघायचंच नाही."

तेव्हा आम्हाला कळलं ती रस्त्यातून मान खाली घालून का चालायची. आम्ही ते तिचं वैधव्य समजत होतो. ती दुकानांच्या पाट्या चुकवत होती. सामान बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद ती उलटा करून चुलीत का घालायची, कॅलेंडरचं पान फाडायला नेहमी मला का बोलवायची, अप्पा पेपर वाचत बसले की त्यांच्याकडे पाठ करून भाजी का निवडायची, सगळं एका क्षणात कळलं. चाळीसेक वर्षं ती अक्षरांपासून तोंड लपवून या घरात वावरली होती आणि आम्ही तिला अडाणी समजत होतो. 

"अप्पा हिचे मार्क मोठ्यानं वाचत होता," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, हे माझं होतं. वाईट वाटलं. तोंडातून आण निघून गेली. बुधवारी घातली, दुसऱ्या दिवशी सोडणार होते, शपथेवर सांगते. पण तेवढ्यात ही दोसा टाकून उठली आणि मला काहीच झालं नाही. ही रोज मोडतेय आणि मी ठणठणीत. उद्या ही त्रिचीला गेली आणि तरी मला काही झालं नाही, तर मग मी इतकी वर्षं मान खाली घालून कशासाठी चालले?"

 मी जिंकले होते. तिची कारणं खोटी ठरली होती, खरं बाहेर आलं होतं, आणि मला त्याचा काडीचा आनंद नव्हता. मला राग मात्र आला, खूप आला, आणि तो आत्याचा नव्हता. तो कुणाचा होता ते नीट सांगता येणार नाही. त्या आणेचाच होता म्हणा.

मी अप्पांना म्हटलं, "आजीची आण तुम्ही सोडा."

"मला कशी सोडता येईल? ज्यानं घातली त्यानंच सोडायची."

"दरवर्षी आजीच्या तिथीला तुम्ही तिला पाणी देता. पिंड देता. तुमच्या हातचं तिला पोचतं ना?"

"पोचतं," अप्पा म्हणाले. ही गोष्ट त्यांनी कधी उलटतपासणीत घातली नव्हती.

"का पोचतं? तुम्ही तिचा मुलगा म्हणून. तिची जागा आता तुमच्याकडे आहे म्हणून. मग जेवण द्यायला तुम्ही चालता आणि शब्द द्यायला चालत नाही? आजी तुमच्या हातून तीळ घेते आणि तुमच्या तोंडून एक शब्द घेणार नाही, अशी ती आडमुठी होती का?"

"तशी होती थोडी," अप्पा म्हणाले. आत्याला हसू आलं. रडता रडता आलं, पण आलं.

मग अप्पांनी कोट काढला. पाय धुतले, हात धुतले, आईनं तांब्या आणून दिला. ते दक्षिणेकडे तोंड करून बसले. तळहातावर पाणी घेतलं, तिथीला सोडतात तसं अंगठ्याच्या बाजूनं सोडलं, आणि मराठीत म्हणाले, "आई, तुझ्या वतीनं मी बोलतो. अक्काला घातलेली आण सुटली."  कोर्टात हजारो शपथा दिलेल्या माणसानं पहिल्यांदाच एक सोडवली होती.

आत्या हात जोडून बसली होती. आता काय करायचं ते तिला कळेना. आम्हालाही कळेना. तेव्हा माझी आई, जी आत्यासमोर कधी तोंड वर करून बोलत नसे, आत गेली आणि जिरं बांधून आलेला कागद घेऊन आली. त्यावरच्या सुरकुत्या मांडीवर नीट करून तिनं तो आत्यासमोर धरला. "वन्सं," ती म्हणाली, "यावर काय लिहिलंय ते बघता का? मला वाचता येत नाही."

आत्यानं कागद घेतला. लांब धरला, जवळ धरला. बोट ठेवलं. पहिलं अक्षर ओठांतल्या ओठांत म्हटलं, मग दुसरं.  ती दंतमंजनाची जाहिरात होती. "रोज सकाळी," आत्यानं वाचलं. थांबली. "रोज सकाळी वापरावे. हिरड्या बळकट होतात." मग तिनं तेच पुन्हा वाचलं, या वेळी न थांबता, आणि वर बघून आम्हाला विचारलं, "बरोबर आहे ना?" अप्पा मान हलवत होते आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. आई मोठ्यानं हसत होती. मी आत्याच्या गळ्यात पडले, तर ती म्हणाली, "सर बाजूला, उजेड अडतोय."

त्या संध्याकाळी स्वयंपाक आईनं केला. आत्यानं घरातला होता नव्हता तो कागद वाचून काढला. कॅलेंडरवरचे सण वाचले, कुठल्याशा औषधाच्या बाटलीवरचं वाचलं, अप्पांच्या जुन्या पेपरांचा गठ्ठा पुढे घेऊन बसली. मी दोनदा म्हटलं, "आत्या, माझी आण?" ती म्हणाली, "थांब गं, एवढं होऊ दे." तिसऱ्यांदा विचारलं तर मला एका लग्नाची जाहिरात वाचून दाखवली. मी ट्रंकेत कपडे भरले खरे, पण मनाला धास्ती होती. तिनं अजून तो शब्द उच्चारला नव्हता, आणि इतकं सगळं झाल्यावर तो ओढून घ्यायची मला लाज वाटत होती.

सोमवारी सकाळी ती धुतलेलं लुगडं नेसून, छत्री घेऊन दारात तयार. "मी येते स्टेशनावर." अप्पांनी घोडागाडी आणली होती. ट्रंक आणि आई गाडीतून गेल्या. आत्या गाडीत बसेना. गाडीतून पाट्या भराभर मागे जातात, वाचून होत नाहीत, असं तिचं म्हणणं. मग आम्ही तिघं चालत निघालो. मान वर करून चालणारी आत्या मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. ती माझ्याहून उंच होती, हेही तेव्हाच लक्षात आलं. एकेक पाटी ती खड्या आवाजात वाचत होती. कापडाचं दुकान. शिवणयंत्र दुरुस्ती. वैद्य, मूळव्याधीवर खात्रीचा इलाज. एका भिंतीपाशी थांबून म्हणाली, "इथं कागद चिकटवू नयेत असं लिहिलंय, आणि वर सगळे कागदच चिकटवलेत." लोक वळून बघत होते. अप्पांना आधी संकोच वाटला. मग बघते तर तेच तिला बोट करून दाखवत होते, अक्का, ती राहिली, ती वरची.

स्टेशनात शिरल्यावर फलाटाच्या टोकाला गावाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. तिथं ती बराच वेळ उभी राहिली. ती या गावात राहायला आली त्याच्या आधीपासूनच तिची मान खाली होती. आपण राहतो त्या गावाचं नाव ती पहिल्यांदाच वाचत होती.

गाडी आली. अप्पांनी ट्रंक चढवली. मी चढले नाही. दारापाशी उभी राहून म्हटलं, "आत्या, तू म्हटल्याशिवाय मी जाणार नाही. मला तू जिवंत पाहिजेस." माझा आवाज सवयीनं मोठाच निघाला आणि डब्यातल्या बायका खिडकीशी जमल्या.

आत्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुटली," ती म्हणाली. "चढ." मी पायरीवर पाय ठेवला, तर तिनं माझा दंड धरला. "आणि ऐक. शिकवणं अर्ध्यात टाकून घरी आलीस, तर माझी आण आहे तुला."

"अक्का, पुन्हा?" अप्पा म्हणाले.

"ही वेगळी," आत्या म्हणाली.

हॉस्टेलातलं जेवण खरंच वाईट होतं, तेवढं तिचं बरोबर ठरलं. मी अर्ध्यात टाकून आले नाही. साठचं दशक सुरू झालं तेव्हा मी तंजावूरच्याच एका शाळेत शिकवायला लागले होते. पहिल्या दिवशी वर्ग संपवून घरी आले, ती तिण्णैवर पेपर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "शिकवून आले. आता माझी आण सोड."

तिनं पेपर खाली केला. माझ्याकडे बघितलं, आणि चक्क हसली. "नाही सोडत," म्हणाली, आणि पान उलटलं. नंतरही मी अनेकदा विचारलं, थट्टेत विचारलं, रागानं विचारलं, ती गेली त्या वर्षी तिच्या उशाशी बसून विचारलं. तिनं सोडली नाही. अप्पा म्हणाले, अक्काचे दिवस मीच केलेत, तुला हवं असेल तर मी पाणी सोडतो. मी त्यांना नको म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेले.